बंदोबस्तातलं दर्शन

देवीवर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. काचबिंदूने माझी नजर दोन्ही बाजूंनी खाल्ली होती. समोरचं तेवढं दिसायचं, तेही एका वेळी एक चेहरा मावेल इतकंच. ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे ती नजर टिकावी म्हणून हे करतोय, पण टिकेलच असं वचन देता येणार नाही. नाशिकला घरी येऊन मी देव्हाऱ्यासमोर बसले आणि चक्क भांडले. इतकी वर्षं मंगळवार केले, ते काय यासाठी? मग रडून झालं आणि एकच इच्छा उरली. दिसतंय तोवर वणीच्या गडावर जाऊन देवीचा मुखडा डोळे भरून बघायचा, आणि तोही यांच्यासोबत.

यांच्यासोबत, इथेच तर घोडं अडायचं. आमचे हे सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. खात्याने यांना सोडलं, यांनी काही खात्याला सोडलं नाही. सोसायटीत कुणाची गाडी वाकडी लागली की हे खाली. भाजीवाला नवा दिसला की मूळ गाव कुठलं, याआधी कुठे बसायचास, अशी बिचाऱ्याची चौकशी. मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि वधूपिता कार्यालयाच्या गेटवर लोकांच्या गाड्या लावून घेत होता! नोकरीत होते तोवर एकाही सणाला नवरा घरी नसायचा, आणि निवृत्तीनंतर मिळाला तो असा. निघताना मी बजावलं, "अहो, आज माझा हात सोडायचा नाही. कुणी भांडो, कुणी पडो, आपण बघायचं नाही."

"हो गं बाई, हो," म्हणाले.

ट्रॉलीने वर गेलो. मंगळवार, त्यात शाळांना सुट्ट्या, रांग हलता हलेना. गाभारा अगदी जवळ आला आणि मध्ये घुसण्यावरून आमच्या पुढच्या दोन कुटुंबांत जुंपली. ढकलाढकली सुरू झाली. "ए, हात खाली! एकेक जण पुढे या!" असा दणदणीत आवाज आला, आणि तो माझ्याच नवऱ्याचा होता. रेलिंगखालून वाकून हे पलीकडे गेलेसुद्धा. मला बाजूचं दिसत नाही, हे साफ विसरले. मागून लोक रेटत होते. हातातली ओटी कधी पडली कळलं नाही. मला रडू फुटलं, भीतीने कमी आणि संतापाने जास्त. मनात म्हटलं, आई, तुझं दर्शन राहू दे, आधी मला यातून बाहेर काढ.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. "आजी, माझा पदर धर. घट धर, सोडू नको."

चेहरा मला नीट दिसला नाही, हिरव्या लुगड्याचा पदर तेवढा दिसला. "कुठली गं तू?" मी विचारलं.

"सुरगाण्याकडची हाय. चल तू."

ती पुढे, मी मागे. सगळे धक्के तिने खाल्ले. आणि गाभाऱ्यासमोर पोचतो तर तिथे आमचे हे! देवीकडे पाठ, दोन्ही हात पसरलेले. "चला मावशी, थांबू नका, पुढे चला," हे मला. स्वतःच्या बायकोला!

"अहो, मी आहे!" मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीतल्या परक्या बाईच्या पदराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "तुला दिसत नाही... मी विसरलोच गं."

मला खूप काही सुनावायचं होतं. पण का कोण जाणे, मी पदर सोडला, त्यांचे खांदे धरले आणि त्यांना देवीकडे वळवलं. चैत्राच्या यात्रेला, नवरात्राला हा माणूस किती वर्षं इथे बंदोबस्ताला उभा राहिला असेल, पण गर्दीकडे तोंड करून. आता हात जोडायचंही त्यांना सुचेना. नुसते बघत राहिले, डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. माझ्या नजरेत एकच चेहरा मावत होता. मी त्यांचाच बघत राहिले. मग मागच्यांनी रेटलं आणि आम्ही बाहेर पडलो. देवी मी पाहिलीच नाही. त्या बाईलाही खूप शोधलं, ती सापडली नाही. ती कोण होती याचा खल मी करत नाही. गर्दीत तिने हात दिला, मला तेवढं पुरे.

पुन्हा रांगेत उभं राहायचं माझ्यात त्राण नव्हतं. चहाच्या टपरीवर बसलो आणि हे सांगायला लागले. पंचनामाच तो! उंची साधारण आठ फूट. हात अठरा, दोन्हीकडे नऊ-नऊ. मान एका बाजूला कललेली, कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखी. साडी जांभळी, काठ सोनेरी. नथ मोत्यांची. आयुष्यभर चोऱ्या आणि अपघात ज्या सुरात लिहून घेतले, त्याच सुरात. "डोळे..." म्हणाले आणि तो सूर मोडला. "डोळे केवढे मोठे आहेत गं तिचे." मी माझे डोळे मिटून घेतले होते. एकेक हात करत ती माझ्यासमोर पुरती उभी राहिली होती.

पुढे ऑपरेशन झालं. उरलेली नजर टिकली, गेलेली आली नाही. हे आजही गाड्या लावायला खाली पळतात आणि माझा जीव मेटाकुटीला येतो. पण देवीशी आता भांडण नाही. मी काय आणि कसं बघायचं ते ठरवून गडावर गेले होते, तिने माझं काही चालू दिलं नाही. हात जोडते तेव्हा आता एवढंच म्हणते, आई, तुला दाखवायचं असेल ते दाखव, आणि ज्याच्या डोळ्यांनी दाखवशील त्याच्या डोळ्यांनी मी बघेन.