सिस्टरांचे पाहुणे

सिस्टरांचा आवडता पक्षी गिधाड. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण अमरावतीबाहेरच्या तलावावर जायचो, तेव्हा सगळ्यांच्या दुर्बिणी पाण्यावरच्या बदकांकडे वळलेल्या असत आणि सिस्टरांची आभाळाकडे. सरकारी दवाखान्यात उभा जन्म काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं नाव कुणी घेतच नसे.

एकदा मी विचारलं, "सिस्टर, गिधाडच का?"

"वलगावले आमचं घर गावाच्या कडेले," त्या म्हणाल्या. "मेलेलं ढोर ओढाचं काम आमच्याच लोकायकडे. धम्म घेतला अन् माया आज्यानं ते सोडलं. लय चांगलं केलं. पण गिधाडं मी लहान असतानाही येत. आजी म्हणे, पोरी, आपल्या बाजूनं येणारे एवढेच पाहुणे." मग दुर्बीण पुसत म्हणाल्या, "दुखण्याचं जे औषध मी माणसायले टोचलं, तेच लोकायनं ढोरायले टोचलं. ते ढोरं खाऊन गिधाडं मेले. आता एखादं दिसलं त दिसलं. मले ते आभाळभर पाह्याचे हायेत."

आभाळभर गिधाडं केनियात मिळतील, असं आम्ही शोधून काढलं. अकोल्याचा ट्रॅव्हल एजंट चक्रावला. "ताई, गिधाडं पाहायला विमानानं?"

"मंग काय पायी जाऊ?"

खरी अडचण गुडघ्यांची होती. नाशिकची मुलगी फोनवर कळवळून म्हणाली, "आई, तिकडे पडलीस तर कोण उचलेल?" सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हा उचलते न!" अशा रीतीने माझंही जाणं ठरलं. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी घराचा जिना चढू-उतरू लागल्या. विश्रांतीला पायरीवर टेकत, तेव्हा मांडीवर केनियाचा नकाशा असे. पीतज्वराची लस घ्यायला गेलो, तर हजारोंना सुया टोचलेल्या या बाईंनी डोळे घट्ट मिटून माझं मनगट आवळलं. "हासू नको. दुखते."

तिकडच्या माळावर, तिसऱ्या दिवशी, रानगव्यासारख्या एका मेलेल्या जनावरावर गिधाडं उतरताना दिसली. एकामागून एक, पाय खाली सोडून, वरून येतच होती. शेजारच्या जीपमधल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. सिस्टर आमच्या जीपचा दांडा धरून उभ्या राहिल्या. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"पाह्य, कसे भांडून राह्यले," त्या म्हणाल्या. "पंगतीत पहिले बसाची घाई." चेहरा ओला होता आणि त्या हसत होत्या. जनावराची हाडं उघडी पडेपर्यंत त्यांनी जीप हलू दिली नाही.

परतल्यावर बडनेरा स्टेशनवर शेजारीण हार घेऊन आली होती. "सिस्टर, सिंह पाह्यला का?"

"पाह्यला न. झोपला होता."

पुढे गुडघे फारच कुरकुरू लागले आणि त्या मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. जाताना दुर्बीण सोबत नेली. रविवारी तलावावर आता मी नव्या माणसांना बदकं दाखवतो आणि मध्येच मान वर करतो.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "इकडल्या डोंगरात हायेत बापा अजून! आज जावयानं गाडीतून नेलं, तीन दिसले. तू काहून बसला तिथं? ये. भाकर मी बांधून घेतो."

मी रजेचा अर्ज दिला आहे.