रडण्यातल्या चार ओळी

सही करायला बोटभर जागा होती. तिच्या वर छापलेलं होतं की ही कविता माझी स्वतःची आहे, दुसऱ्या कोणाची घेतलेली नाही, आणि तसं निघालं तर बक्षीस परत घेतलं जाईल. मी चौथी शिकलेली आहे, सही मला येते. तरी तो कागद चार दिवस साखरेच्या डब्याखाली पडून राहिला. वर लिहिलेलं खरं की खोटं, हेच मला ठरवता येईना.

हे स्पर्धांचं सुनेमुळे सुरू झालं. ती अंगणवाडीत आहे, मला मामी म्हणते. तिच्या फोनवर रोज काही ना काही येतं. परभणीच्या एका वाचनालयाची कथा-कविता स्पर्धा होती, वयाची अट नव्हती. ती म्हणाली, "मामी, दिवसभर लोकांच्या चुका काढता, त्याच कागदावर काढा की. घरात तरी शांतता राहील."

पहिल्या वेळी मी कथा पाठवली. आम्ही विकलेली म्हैस दोन कोस चालत तीनदा परत आली होती, ती हकिकत लिहिली. वाचनालयातून फोन आला की कथा काल्पनिक पाहिजे, ही घडलेली दिसते. पुढच्या वर्षी मी सगळं खोटं लिहिलं. तेव्हा फोनवर फुलाफुलांचं प्रमाणपत्र आलं, भाग घेतल्याबद्दल. ते तर सगळ्यांनाच देतात. तिसऱ्या वर्षी सून म्हणाली की आता कविता पाठवा, विषय 'आई' आहे, आणि कविता मनातून आलेली, खरी पाहिजे. कथेत खोटं चालतं आणि कवितेत खरं लागतं, असा त्यांचा कायदा असावा. मला तो तेव्हाही कळला नाही.

माझी आई मी रांगत होते तेव्हा गेली. तिचं तोंडही मला आठवत नाही, तर लिहिणार काय? सून म्हणाली, "मग तुमच्या सासूवर लिहा. ती बी आईच."

सासूजवळ मी बावीस वर्षं काढली. चांगलं लिहावं असं काही सापडेना, आणि वाईट लिहावं तर विषयात बसेना. मग मला थोरल्या जावेचं रडणं आठवलं.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातल्या बायांनी बोलून रडायचं असतं. नुसतं डोळे पुसलेलं चालत नाही. गेलेल्या माणसाचं एकेक काढून, आवाज लावून, गळ्यात गळा घालून रडायचं. ज्या सुनेला ते येत नाही तिला बाया नावं ठेवतात. मला ते कधीच आलं नाही. सासू गेली त्या दिवशीही मी भिंतीला टेकून गप्प बसले होते आणि एक बाई दुसरीला म्हणालीही, "बघ कशी बसली, धोंड्यावानी." थोरली जाऊ मात्र असं रडली की शेजारच्या गावाहून आलेल्या बायाही उठून तिच्याजवळ गेल्या. मी ऐकत होते. दुसरं काम नव्हतं. तिचे शब्द माझ्या डोक्यात राहिले ते तीस वर्षं राहिले.

ते मी उतरवून काढले:

माप भरून देत होतीस, वरचं बोटानं काढून घेत होतीस.
काढून घेतलेलं कुठं ठेवलंस, माय, सांगून तरी जायचं.
दार लावून घेत होतीस, कडी आतून घालीत होतीस.
आज उघडं टाकून चाललीस, माय, कडी कुणी घालायची.

एवढंच. वीस ओळी चालणार होत्या, मी चारच पाठवल्या. रडताना कोणी बोललेलं असतं ते संध्याकाळपर्यंत सगळे विसरतात, ते कोणाच्या मालकीचं असतं असं माझ्या ध्यानातही आलं नाही. विहिरीचं पाणी आणावं तसं मी ते आणलं.

आणि दुसरं बक्षीस लागलं. वाचनालयाच्या सरांचा फोन आला. आईच्या मायेचं फार सुंदर चित्र आहे म्हणाले, परीक्षकांना भरून आलं म्हणाले. मला काही कळेना. सुनांना दाण्याचं माप देताना बोटानं वरचं काढून घेणारी बाई त्यांना मायाळू कुठून दिसली? मग ते म्हणाले की कविता पुस्तकात छापायची आहे, कागद पाठवतो, त्यावर सही करून रविवारी कार्यक्रमाला घेऊन या.

कागद वाचल्यावर मी सुनेला सगळं सांगितलं. ती हसली. "मामी, रडण्याची कुठं सातबारावर नोंद असती का? करा सही."

"माझं नाही ते."

"तुमच्या जावेनं लिहून ठेवलं होतं?"

"तिला लिहिता येत नाही."

"मग लिहिलं कोणी? तुमीच ना?"

हे तिचं बरोबर वाटलं. पण शेवया दुसरीनं कराव्यात आणि मी नुसत्या ताटात वाढाव्यात, तर त्या माझ्या होत नाहीत. की होतात? दोन दिवस मी यातच होते. एकदा तर पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. मी आजवर खोट्यावर सही केली नाही. एकदा वाटणीच्या कागदावर सुद्धा केली नव्हती, त्यासाठी मालक महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी जावेकडे गेले. चार घरं सोडून राहते. अंगणात तूर पाखडत बसली होती. मी म्हणाले, "बाई, आत्याबाई गेल्या तवाचं तुमचं रडणं मी स्पर्धेला पाठवलं. बक्षीस लागलंय, पुस्तकात छापणार आहेत."

"काय पाठवलंस?"

मी चार ओळी म्हणून दाखवल्या. तिनं सूप खाली ठेवलं.

"हे मी मनले?"

"तुमीच."

"येड लागलंय का तुला? मी असं कशाला मनन? मी मनले असन, माझी सावली गेली, माझं छत्तर गेलं. समद्या बाया मनतात तसंच. माप न् बोट ते तुलाच सलत हुतं. मला कवा तिनं कमी घातलं न्हाई."

हे मला नवीनच होतं. मला वाटत होतं, सासू दोघींनाही कमीच द्यायची. मी विचारलं, "तुमाला भरून द्यायची?"

"वरवर शीग लावून. थोरली हुते मी."

मी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाले, "आणि कडी?"

"कडी तर तू लग्न होऊन आलीस त्या साली बसवली. माझ्या येळंला दाराला अडसर हुता, आडवं लाकूड. मी मनले असते तर अडसर मनले असते."

"पण मी तुमच्या आवाजात ऐकलंय."

"मी मनले का न्हाई ते मला काय ठाव? रडनारी बाई सोताला ऐकती का? तू गप बसली हुतीस, तुला ठाव असन."

पण तेच तर मला ठाऊक नव्हतं. घरी येताना मी पहिल्यापासून आठवून पाहिलं. जावेचं तोंड दिसत होतं, पदर दिसत होता, हातवारे दिसत होते. आवाजही तिचाच. पण शब्द तिच्या तोंडून निघताना दिसेनात. मी भिंतीला टेकून गप्प बसले होते तेव्हा हे मीच मनात म्हणत असेन आणि तिच्या आवाजात मिसळून गेलं असेल, तर कविता माझी. ती खरंच म्हणाली असेल आणि आता सासूची तक्रार पुस्तकात छापून येईल म्हणून कानावर हात ठेवत असेल, तर तिची. मी तीस वर्षं माझं बोलणं तिच्या तोंडात घालून ठेवलं होतं का? मग मी त्या दिवशी रडले होते असं धरायचं का? असल्या प्रश्नांची मला सवय नाही. त्या रात्रीच्या भाकरी करपल्या.

रविवारी मी बिनसहीचा कागद घेऊन निघाले. जाऊ म्हणाली, "मी बी येते. काय देतेत ते बघू दे." सून बरोबर होतीच. बायांच्या अर्ध्या तिकिटात तिघी बसनं परभणीला गेलो. वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या, टेबलावर ट्रॉफ्या आणि शाली रांगेनं ठेवलेल्या. मी सरांकडे कागद दिला. त्यांनी उलटून पाहिला.

"आजी, सही राहिली."

"राहिली नाही, केली नाही. ही कविता माझी आहे का, मला नक्की माहीत नाही."

ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनयानं बोलते. मी सगळं सांगितलं, रडणं, माप, अडसर. तसं त्यांचं हसू कमी होत गेलं. "म्हणजे दुसऱ्याची आहे?"

"तसंही सांगता येत नाही."

"आजी, एक काहीतरी सांगा. तुमची नसेल तर मला बाद करावी लागेल. कोणाची आहे?"

आजूबाजूचे लोक बघू लागले. सून माझा पदर ओढत होती. तेवढ्यात मागून जाऊ पुढे आली, हात कमरेवर.

"माझी हाय. मीच मनले हुते. तिनं निस्ती लिव्हली. लिव्हा माझं नाव न् द्या ती शाल."

सर म्हणाले, "पण तुम्ही स्पर्धेत भाग घेतलेला नाही."

"रडताना कुठं फारम भरला हुता?" ती म्हणाली. दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. त्यांनी यादी पुढे ओढली, दुसऱ्या नंबरासमोर रेघ मारली आणि तिसऱ्या नंबरावरच्या एका मास्तराला वर घेतलं. त्याची कविताही आईवर होती. तीत आई चंदनासारखी झिजत होती. आम्ही चहा घेतला आणि पुढचं भाषण सुरू व्हायच्या आत निघालो.

बसमध्ये सून तोंड फिरवून बसली होती. शाल मलाही आवडली होती, तपकिरी, काठाला हिरवी वेल. मी जावेला विचारलं, "परवा नाही म्हणालात. आज माझी हाय म्हणालात. त्यातलं खरं कोणतं?"

"त्यो मानूस तुला चारचौघांत चोर ठरवायलाय, मी काय बघत बसू?"

"म्हणजे तुमी म्हणाला नव्हता."

"मी तसं कुठं मनले?"

"मग म्हणाला होता?"

तिनं पिशवीतून शेंगा काढल्या, माझ्या हातात मूठभर दिल्या. "लय इचारतीस," ती म्हणाली. "खा."

मी शेंगा फोडत बसले. दोन वेळा तिनं दोन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक तरी खोटी होती. कोणती, ते मी अजून तिला विचारते. कधी ती एक सांगते, कधी दुसरी. बक्षीस गेलं ते मला समजलं. सही केली नाही ते बरं केलं की वाईट, हे मात्र अजून समजलेलं नाही.