सोनबाची पिलं

नांगर धरावा, भाताची उडवी रचावी तर गुंजवण्याच्या सोनबानं. पण घरातलं काम त्याला ठाऊक नव्हतं. चूल, पाणी, कोंबड्या सगळं त्याची बायको ठकुबाई बघायची. एकोणीसशे पस्तीसच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली, तेव्हा तिची कोंबडी डालग्यात अंड्यांवर बसलेली होती. मूलबाळ नव्हतं. दिवस घालून पाहुणे परतले, घर रिकामं झालं आणि मग पिलं निघाली.

आठवडा होतो न होतो तोच कोंबडीला मुंगसानं नेलं.

सोनबानं पिलं पाटीत घेतली, खाली गोणपाट घातलं, पाटी चुलीजवळ ठेवली. एका परातीत पाणी, दुसरीत भिजवलेल्या कण्या. पाणी आटलं की वरून ओतायचा, कण्या संपल्या की त्यावरच नव्या टाकायचा. पिलं परातीत उतरायची, पंख भिजवायची, तिथंच घाण करायची. हळूहळू ती पंख पाडून, डोळे मिटून बसू लागली. एका सकाळी दोन मेलेली सापडली.

शेजारची बनाबाई आली तेव्हा सोनबा ती मेलेली पिलं हातात घेऊन उंबऱ्यात बसला होता.

"वैनी, ठकीची पिलं हायती ही. माझ्या हातनं मरत्यात."

बनाबाईनं पाण्याच्या परातीच्या तळाला बोट लावलं. "भावजी, बोट फिरवून बघा. कसं बुळबुळीत लागतंय."

"रोज पाणी घालतोय की म्या."

"घालताय, पन जुनं टाकताय कुठं? त्यातच हागत्यात अन् त्यातच पित्यात."

तिनं दोन्ही पराती उचलून ठेवल्या आणि मातीच्या उथळ परळ्या आणल्या. आंबलेल्या कण्या उकिरड्यात टाकायला लावल्या. मग राख आणि काथ्यानं परळी कशी घासायची, वर कढत पाणी कसं ओतायचं आणि उन्हात खडखडीत वाळल्याबिगर पुन्हा का वापरायची नाही, ते दाखवलं. पाण्याच्या परळीत मधोमध गोटा ठेवला, पिलांना आत उभं राहता येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सोनबाला वाटलं, आणखी स्वच्छ करावं. त्यानं धुण्याचा सोडा लावून परळ्या घासल्या आणि घाईत न खंगाळता तसंच पाणी भरलं. पिलं चोच बुडवायची नि मान झटकायची. पीत एकही नव्हतं. त्यानं पाणी चाखून बघितलं, तर जीभ चरचरली. लगेच ते ओतून टाकलं, सोडा मुरलेल्या परळ्या टाकून नव्या आणल्या, आणि सोड्याला पुन्हा हात लावला नाही.

त्यानंतर आणखी एक पिलू गेलं. बाकीची मात्र सावरली. सोनबा पहाटे उठून आधी परळ्या घासायचा, मग तोंड धुवायचा.

देवळापाशी गावातल्या कुंडलिकनं त्याला छेडलं, "काय सोनबा, बाईमाणसाचं काम करतोस म्हनं?"

"करतोय की," सोनबा म्हणाला. "न्हाई केलं तर मरत्यात."

महिन्याभरात कुंडलिकचीच बायको तीन पोरकी पिलं पदरात घेऊन सोनबाच्या दारात आली. सोनबानं पिलं ठेवून घेतली, पण तिला आधी बसवून परळी घासायला शिकवलं.

भात कापणीला आलं तेव्हा पिलं मोठी होऊन त्यांच्या तलंगा झाल्या होत्या. एकीनं अंडं घातलं. सोनबा ते बनाबाईकडं घेऊन गेला.

"ठेवा की तुमाला," ती म्हणाली.

"घ्या वैनी. ठकीनंबी पहिलं तुमालाच दिलं असतं."

बनाबाईनं पदर पुढं केला.