मोनालीचं घड्याळ अन् कलाबाईचा टॅक्स

रामाकोन्याच्या कलाबाईले कोणी दबवू शकत नाई. संत्र्याच्या ठेकेदारानं भाव पाडून मांगतला, तर त्याच्यासमोरून भरला ढीग उचलून नेणारी बाई ते!

तिची लेक मोनाली जर्मनीत नोकरी करते. भाऊ कुलदीपच्या लग्नाले तिले सुट्टी भेटली नाई, म्हून तिनं तिकडून घड्याळ पाठवलं. लग्नाले दोन दिवस राहिले अन् पोस्टमन गुणवंता आला. पार्सल नाई, नुसता कागद.

"मावशी, टॅक्स लागला. सौंसरच्या पोस्टात सहा हजार तीनशे भरा, मंग डब्बा भेटन."

"काहून रे? भावाले आहेर हाय तो!"

"आहेर असो का बजार, बाहेरच्या मालावर लागते. डब्ब्यावर किंमत पंधरा हजार लिवली हाय."

कलाबाईनं तिथंच मोनालीले फोन लावला. पोरगी पयले हसली, मंग हळूच बोलली.

"आई, सहा हजाराचंच हाय वो. पण मांडवात आहेर माईकवर पुकारतात ना? माह्या सासूसमोर सहा हजार कसं वाटन? म्हून पंधरा लिवले."

"तुही फुशारकी सरकारनं खरी मानली न वो पोरी!"

नवरा भगवंतराव कावला. "भरून टाक ना. तिची सासू येऊन राहिली. पोरीचा आहेर नाई दिसला त लोकं काय म्हणतीन?"

"टॅक्स भरीन, पण सहाचा. नऊ हजाराचं जे घेतलंच नाई, त्याचा काहून भरू?"

दुसऱ्या दिवशी तिनं मोनालीनं मोबाईलवर पाठवलेलं घड्याळाचं बिल छापून घेतलं अन् पोस्टात गेली. बाबू बरा व्हता. म्हणे, "आजी, अर्ज वर पाठवा लागते. लग्नाआधी नाई होत. पैसे भरता त आत्ताच न्या." डब्बा मांगं समोरच दिसून राहिला व्हता. कलाबाईनं त्याच्याकडं पाह्यलं, कंबरेची पिशवी दाबून धरली.

"अर्ज लिव बापा. आंगठा देतो मी."

मांडवात आहेर सुरू झाले. मोनालीची पाळी आली, पुकारणारा अडला. भगवंतराव खाली पाहू लागला. कलाबाईनं माईकच हिसकला.

"मोनालीचा आहेर, घड्याळ एक! किंमत सहा हजार, तिच्या मेहनतीचे. पोस्टात अडकलं हाय, कारण खोट्या किमतीचा टॅक्स मी भरला नाई. कोणाले कमी वाटत असन, त्यानं इथं येऊन सांगावं!"

सारे मोनालीच्या सासूकडं पाहून राहिले. सासू उठली. आता काय म्हणते?

"ईहीणबाई," म्हणे, "मी आहेरात देल्लेल्या लुगड्याचे एकवीसशे पुकारले ना? ते अकराशेचं हाय. तेही सुधरवून घ्या."

असा हासा पिकला का बँडवाले थांबले!

बारा दिवसांनी गुणवंता डब्बा घेऊन आला. टॅक्स, दोन हजार पाचशे वीस. कलाबाईनं मोजून देल्ले अन् पावती मांगून घेतली. ते आता कुलदीपच्या लग्नाच्या फोटोमांगं खोसली हाय. कोणी घड्याळाची किंमत ईचारली, का काढून दाखवते.