म्हात्रे काकांनी मागितलेले चार दिवस

म्हात्रे काकांना मी काल पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ते गेलेले होते.

सहा वर्षं आम्ही फोनवर भांडलो. दर महिन्याला, न चुकता. ते पनवेलजवळच्या गावात, मी खांदा कॉलनीत. मध्ये जेमतेम वीस मिनिटांचा रस्ता.

माझं काम मिस्टरी शॉपिंगचं. कंपन्या आम्हाला सांगतात, आमच्या दुकानात साधं गिऱ्हाईक म्हणून कुणालातरी पाठवा आणि तिथे कसं वागवतात ते कळवा. अशी माणसं शोधायची, त्यांची फी आणि वेळ ठरवायची, हे माझ्याकडे.

काका त्यांतलेच एक, तळोज्याच्या एका फॅक्टरीतून, परचेस खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस. आणि मी नोकरीत नवी.

पहिला फोन अजून आठवतो. उलव्यातल्या एका शोरूमची व्हिजिट होती. मी फी सांगितली.

पलीकडून काहीच नाही.

"काका, आहात ना?"

"हाय की. तू बोल."

मी घाबरून पन्नास वाढवले. पुन्हा शांतता. मी आणखी पन्नास वाढवले. मग म्हणाले, "जातो उद्या."

दोन वर्षांनी मला कळलं की ते तेव्हा चहा पीत होते.

वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका. रविवार नाही, कारण लेक आणि नातवंडं येतात. शनिवारी संध्याकाळी नाही, कारण वेगळंच. "गर्दीत त्या पोरी मेटाकुटीला आलेल्या असतात. तवा परीक्षा घ्यायची नाय. मंगळवारी सकाळी जातो, तवा कोण कामचोर हाय ते बरोबर कळतं." मी क्लायंटशी भांडून मंगळवार मिळवून द्यायचे.

रिपोर्ट मराठीत, व्हॉट्सॲपवर. शेवटची ओळ ठरलेली. पाणी विचारलं. किंवा, पाणी विचारलं नाय.

एकदा मी म्हटलं, काका, पनवेलमध्येच आहोत, भेटू या ना एकदा.

"नको. उद्या कुठल्या दुकानात दिसलीस आन् काका म्हणून हाक मारलीस, तर माझं सोंग उघडं पडेल."

हे हसण्यावारी नेलं मी. पण खरंच कधी भेटलो नाही.

मग तो महिना आला. साहेब म्हणाले, घरून काम बंद, एक तारखेपासून रोज अंधेरीच्या ऑफिसला यायचं. माझी मुलगी अडीच वर्षांची, घरी सांभाळायला कुणी नाही. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता. त्याच दिवशी काकांना द्रोणागिरीच्या पेट्रोल पंपासाठी फोन केला, आणि त्यांनी मागितलेली फी मी मुकाट्यानं कबूल केली.

"काय झालं गं पोरी? भांडली नाय ती?"

सगळं सांगितलं. रडलेही थोडी.

"राजीनामा हा शेवटचा रेट. तू तर पहिलाच तो सांगायला निघालीस. चल, आता मी तुझा साहेब. बोल."

मी म्हटलं, "सर, प्लीज, माझी मुलगी लहान आहे..."

"गयावया नको. तू काय देशील ते आधी सांग. मंग काय पाहिजे ते. मंग गप बस. कितीबी जीभ वळवळली तरी गप बस."

पाऊण तास त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, रायगडमधल्या सगळ्या व्हिजिट्स पंचवीस तारखेच्या आत पूर्ण करून देईन. ऑफिसला आठवड्यातून दोन दिवस येईन. आणि गप्प बसले. साहेब बराच वेळ पेनाशी खेळत होते. मग म्हणाले, बरं, करून बघू.

माझी नोकरी राहिली ती अशी. काकांना कळवलं तर म्हणाले, "चला. आता माझी फी वाढव."

गेल्या आठवड्यात कळंबोलीच्या एका सर्व्हिस सेंटरची व्हिजिट त्यांच्या नावावर होती. त्यांचाच फोन आला.

"तारीख जरा पुढं ढकल. चार दिवस दे."

"आणि फी?"

"फी हाय तीच राहू दे."

सहा वर्षांत हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तिथेच मला कळायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. पहिल्यांदाच काका अडले होते आणि माझी बाजू वरचढ होती.

"काका, दोन दिवस. त्याच्यापुढे नाही."

आणि मी गप्प बसले.

ते हसले. थोडं खोकले. "शिकलीस गं. दोन तर दोन."

काल त्यांच्याच नंबरवरून त्यांच्या सुनेचा फोन आला. ती म्हणाली, तारीख पुढं ढकलायचा तो फोन काकांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून केला होता. चार दिवस दाखल राहायचं, हा डॉक्टरांचा आकडा होता. माझ्याशी बोलून झाल्यावर ते डॉक्टरांशी भांडत बसले, चार नाय, दोनच, मला कळंबोलीला जायचंय. डॉक्टर काही ऐकेनात.

तिसऱ्या दिवशी पहाटे काका गेले.

"तुमचं फार कौतुक करत होते," सून म्हणाली. "म्हणत होते, पोरीनं माझीच विद्या माझ्यावर चालवली."

कौतुकच होतं ते. तरी मला ते दोन दिवस गिळवत नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. ओटीवर ठेवलं होतं त्यांना. आवाजावरून वाटायचे त्यापेक्षा खूप बारीक होते. सुनेनं मला आधी पाणी दिलं, मग बसायला सांगितलं.

जवळ जाऊन मी "काका" म्हणून हाक मारली. आता सोंग उघडं पडायची भीती नव्हती.

कळंबोलीची व्हिजिट मुदत उलटल्यामुळे आज सिस्टीममध्ये लाल दिसतेय. साहेबांनी दोनदा विचारलं, दुसऱ्या कुणाला का देत नाहीस. मी सांगितलं, चार दिवस ठरलेत, आणि गप्प बसले.

दिले काका, चार दिवस. उशिरा दिले, माफ करा.

सावकाश जा. जिथे जाल तिथे कुणीतरी आधी पाणी विचारू दे. नमस्कार.