फोनमधल्या बाई

वेल्ह्याच्या दवाखान्यात मी नर्स होते, त्या वर्षांत गरोदर बायकांना फोनवरून निरोप पाठवायचं काम सुरू झालं. आठवड्यातून एकदा फोन वाजायचा. उचलला की एक बाई बोलायची: काय खावं, गोळ्या कशा घ्याव्यात, कशाला घाबरावं आणि कशाला नाही. लिहून पाठवलेलं वरच्या वाड्यांत कितीजणी वाचणार? बोलणं मात्र भाकरी थापता थापताही ऐकता येतं. ते बोलायला आमच्या डॉक्टरमॅडमनी मला बसवलं.

ओपीडी संपल्यावरची दुपार होती. मागच्या खोलीत पंखा बंद केला आणि खिडकीवर चादर टांगली, कारण समोरच स्टँडवर एसटीचे हॉर्न वाजायचे. पुण्याहून आलेल्या मुलीनं माझ्यापुढं मोबाईल धरला, हातात कागद दिला. मी वाचायला लागले, “गरोदर मातेने संतुलित आहार घ्यावा…”

“ताई, हे बातम्यांसारखं वाटतंय,” तिनं थांबवलं. “घरी बोलता तसं बोला ना.”

“घरी मी एवढं बोलतच नाही,” मी म्हटलं, आणि दोघी हसलो.

मग कागद बाजूला ठेवून मी डोळे मिटले. माझी धाकटी बहीण उत्रोलीला दिलेली. पहिल्या खेपेला तिला सातवा महिना होता, तेव्हाची ती डोळ्यांपुढं आणली. चुलीपुढं पाटावर बसलेली, तोंडावर जाळाचा उजेड. तिच्याशी बोलावं तशी बोलत गेले. “हे बघ बाळे, डोकं लई दुखाया लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंड सुजलं, तर पित्त म्हणून अंगावर काढू नगंस. लगेच दवाखान्यात ये. आमी हितंच हाये.” डोळे उघडले तेव्हा त्या मुलीनं कागदाची घडी करून पिशवीत टाकली होती.

त्यानंतरचे दिवस मला वेगळेच वाटायचे. मी बाजारात कोथिंबीर निवडत असायचे आणि त्याच वेळी कुठल्यातरी वाडीत मी बोलत असायचे. ज्या ओट्यांवर माझं पाऊल कधी पडलं नव्हतं, तिथं मी जाऊन बसत होते. तोरण्यावर ढग उतरला की मला उगाच वाटायचं, त्या ढगाआड कुणीतरी आत्ता माझं ऐकतंय, आणि मी काय बोलतेय ते मलाच ऐकू येत नाही.

मार्गासनीच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथं घरात रेंज यायची नाही. वाडीबाहेर जांभळीखाली एक काळा कातळ आहे, तेवढ्यावरच फोन लागायचा. त्या वाडीत एक गरोदर सून होती. नवरा पुण्यात टेम्पो चालवायचा, फोन त्यानंच घेऊन दिलेला. निरोपाच्या दिवशी भर दुपारी सासू-सुना कातळावर जाऊन बसत आणि फोनचा आवाज मोठा करून ऐकत. हे सगळं मला पुढं त्या सासूनंच सांगितलं.

सासू नुसती ऐकायची नाही, उत्तरं द्यायची. मी म्हणायचे नाचणी खा, ती म्हणायची, “खाती की. पर हिला सुकटीचा वास सोसंना, त्याचं काय?” मी आपली गोळ्यांकडं वळलेली असायचे.

“लई गर्वाची बाई हाय,” सासू चिडायची. “आपलंच म्हणती, दुसऱ्याचं ऐकून घेत न्हाई.”

“आत्या, ते आधी बोलून ठेवल्यालं असतंय,” सून सांगायची.

“मग मला ‘ऐकतीयास ना’ म्हणून कशाला इचारती?”

भाताला लोंब्या आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सुनेचं डोकं सकाळपासून दुखत होतं. सासूनं सुंठ उगाळून कपाळाला लावली. तोंड जरा सुजल्यासारखं दिसत होतं, पण झोप जास्त झाली असेल म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. दुपारी दोघी नेहमीसारख्या कातळावर गेल्या. शेवटच्या महिन्यांत तो धोक्याचा निरोप पुन्हा पुन्हा जायचा, त्या दिवशीही तोच आला.

डोकं लई दुखाया लागलं, मी म्हणाले.

“व्हय, दुखतंय,” सासू म्हणाली.

डोळ्यांपुढं अंधारी आली.

सासूनं सुनेकडं पाहिलं. सून हळूच म्हणाली, “मगाधरनं तुमी मला दोन दोन दिसताय.”

“बाई, हिचं तोंडबी सुजलंय!” सासू फोनवर ओरडली.

लगेच दवाखान्यात ये, मी म्हणाले.

“पयल्यांदाच माझं ऐकून घेतलंस बघ,” सासू मला नंतर सांगायची. तिथूनच त्यांनी पुण्याला पोराला फोन लावला, त्यानं मार्गासनीच्या एका ओळखीच्या जीपवाल्याला. जीप वाडीच्या खाली येऊन थांबली.

त्या दुपारी ड्यूटीवर मी होते. दारात एक बाई सासूच्या खांद्याला धरून चाचपडत उभी दिसली. मी पुढं झाले. “ये बाळे, हळू. हितं बस.”

ती जागच्या जागी थांबली. डोळे माझ्याकडं होते, पण बघत नव्हते. “आत्या,” ती म्हणाली, “फोनमधल्या बाई हितं हाईत.”

सासूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तूच व्हय? मग माझ्यासंगं बोलत का न्हवतीस?”

हसायला वेळ नव्हता. रक्तदाब फार वर होता. मॅडमनी इंजेक्शन दिलं, गाडी मागवली, पुण्याला न्यायचं ठरलं. सोबत मी निघाले.

गाडीत तिला डाव्या कुशीवर झोपवलं होतं. सासू पायाशी. बाहेर गुंजवणीचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं आणि दोन्ही बाजूंनी पिकलेलं भात सरकत होतं. काचेतून येणारा तो पिवळा उजेड तिच्या तोंडावरून वाहत होता. तिनं माझा हात धरला.

“बाई, बोलत ऱ्हावा.”

तोंडात आले ते निरोपच. तिसऱ्या महिन्यापासूनचे, एकामागून एक. मार्गासनी मागं पडली, नसरापूर आलं, मी बोलतच होते. मध्येच एक वाक्य मला आठवेना. तिनं डोळे मिटलेलेच ठेवून ते पुरं केलं, माझ्याच सुरात. मला वाटलं, मी बोलत नाही, ती बोलतेय आणि मी कुठल्यातरी कातळावर बसून ऐकतेय. गाडी पळत होती की रस्ता, कळत नव्हतं.

संध्याकाळी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. इतकी बारकी की सासू म्हणाली, “ही तर चिमणी हाय.” बरेच दिवस ती काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या. सून घरी आल्यावर तिची नजरही पहिल्यासारखी स्वच्छ झाली.

शिमग्याच्या सुमारास मी त्या वाडीवर गेले. पोरगी मांडीवर दिली होती, झोपेत ओठ हलवत होती. बायका हंडे खाली ठेवून भोवती बसल्या. साठवून ठेवलेलं एकेकीनं विचारलं, उन्हं कलेपर्यंत मी बोलत राहिले. एक नवी नवरी मात्र मागं बसून नुसती ऐकत होती. मी निघाले तेव्हा ती वाट दाखवायला म्हणून खाली आली. बांधापाशी थांबून म्हणाली, “बाई, मला इतक्यात पोर नगं हाय. त्याचं फोनवर काय सांगत न्हाईत का?”

सांगत नव्हतो. आमचे निरोप दिवस गेल्यानंतरच सुरू व्हायचे. मी तिथंच बांधावर बसले आणि तिला जे जे उपाय आहेत ते सांगितले. मग माझा स्वतःचा नंबर दिला. तिनं तो मोबाईलमध्ये घातला.

“नाव काय घातलंस?”

ती लाजली. “भाजीवाली.”

आता वाडीत घरातही रेंज येते, पण अजून मी तिच्या फोनात भाजीवालीच आहे. ती फोन करते, आधी मोठ्यानं मेथीचा भाव विचारते. मीही सांगते. मग जरा वेळ पावलांचा आवाज येतो, वारा येतो, आणि आजूबाजूला कुणी नसलं की ती हलक्या आवाजात बोलायला लागते.