चहाआधी तीन गोळे

आईच्या पोटातून डॉक्टरांनी दिसेल तेवढं सगळं काढलं होतं. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, आतड्याचा एक तुकडा. कॅन्सर पोटभर पसरलेला, तरी ऑपरेशन छान झालं असं ते म्हणाले आणि मी तो ‘छान’ घेऊन अंधेरीहून बोरीवलीला घरी आले. महिनाभरात केमो सुरू व्हायला हवी होती. अडचण एकच होती. तिच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटला होता. तो उघडला तर केमो, नाही तर नाही.

त्यासाठी हॉस्पिटलने एक खेळण्यासारखं यंत्र दिलं होतं. प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत गोळा. बाजूची नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. जसा जोर असेल तसे एक, दोन किंवा तिन्ही गोळे वर जातात. दर दोन तासांनी दहा वेळा करायचं, बस.

आईने महापालिकेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. माझ्या लहानपणी ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची आणि मी हॉलमध्ये पाढे म्हणायचे. सत्तावीसच्या पाढ्यात मधलं काही पुटपुटून पुढे ढकललं की आतलं लाटणं थांबायचं. “पहिल्यापासून,” एवढंच ती म्हणायची. पाढा पुरा झाल्याशिवाय ताट मिळायचं नाही. भुकेने रडत रडत मी तो पाढा म्हटलेला आहे आणि ती आत शांतपणे पोळ्या लाटत राहिलेली आहे.

आता ती हॉलमध्ये होती आणि मी स्वयंपाकघरात. ओट्याशेजारी लॅपटॉप मांडून मी ऑफिसचं काम करायचे. गोळे वर जाऊन आपटले की खडक असा आवाज होतो, हे मी हॉस्पिटलमध्ये ऐकून ठेवलं होतं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने आईच म्हणाली, “झालं गं माझं. चहा दे.”

ऑपरेशननंतर तिला दुसरं काही गोड लागत नव्हतं. चहावर मात्र जीव होता आणि ते मला चांगलंच ठाऊक होतं. मी आलं घालून चहा केला, कप तिच्या हातापर्यंत नेला, मग परत आत आणून सिंकमध्ये ओतला.

“पहिल्यापासून,” मी म्हणाले. “तिन्ही गोळे वर गेल्याशिवाय चहा नाही.”

खोटं कशाला सांगू, मला मजा आली. तिच्या भल्यासाठीच करत होते, पण मजा आली.

“मग समोर उभी राहू नकोस,” ती म्हणाली. “तू बघत असलीस की मला जमत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून खडक खडक सुरू झालं. दहा आवाज झाले की मी चहा न्यायचे. नऊच झाले तर आतूनच ओरडायचे, “अजून एक!” आणि एक यायचा. मावशीला फोनवर सांगितलं, “झकास चाललंय, तिन्ही वर जातात.” केमोसाठी मऊ टोप्यासुद्धा आणून ठेवल्या. ती बरी होणार याची मला इतकी खात्री होती की ती दमून डोळे मिटून पडली तरी मला तो आळस वाटायचा.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. भाग अजून मिटलेलाच होता. “व्यायाम करता ना?” त्यांनी विचारलं.

“रोज साठ वेळा,” मीच उत्तर दिलं. “मी स्वतः ऐकते.”

आई मांडीवरची पिशवी नीट करत बसली.

“मग हे व्यायामावर नाही,” डॉक्टर म्हणाले. “आजार तिथेही पोचलेला दिसतोय. केमो झेपेल असं वाटत नाही. पुढच्या आठवड्यात बघू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चार्जर घ्यायला हॉलमध्ये गेले. आई दाराकडे पाठ करून टीव्हीवरची मालिका बघत होती. नळी तिच्या मांडीवर पडली होती. यंत्र तिने हातात धरलं होतं आणि पोराच्या पाळण्यापाशी खुळखुळा वाजवावा तसं ती ते हलवत होती. खडक. खडक. खडक.

मला आधी आनंद झाला, अगदी उकळ्या फुटाव्यात तसा. म्हणजे डॉक्टर चुकले. म्हणजे आजार पोचलेला नाही, बाईने नुसती चुकवाचुकवी केलेली आहे. अजून वेळ आहे, आजपासून खरं करून घेऊ. आणि त्या आनंदातच मी तिच्यावर तुटून पडले.

“मरायचंय का तुला? मग ऑपरेशनच्या आधी मरायचंस ना! माझी रजा तरी वाचली असती.”

तिने टीव्ही बंद केला. नळी तोंडात धरली आणि श्वास ओढला. गळ्याच्या शिरा वर आल्या, खांदे कानांपर्यंत गेले. पहिला गोळा जागच्या जागी थरथरला आणि बसला. तिने पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा तर तो हललाही नाही. तिच्या ओठांचा रंग बदलला तेव्हा मीच नळी ओढून घेतली.

“हॉस्पिटलमध्ये एकदा एक उठला होता,” धाप जरा कमी झाल्यावर ती म्हणाली. “घरी एकदाही नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर चहा दिला असतास?”

दिला नसता, हेच खरं होतं. तिच्या घरात तिच्याच हाताखाली मी तयार झाले होते. फक्त माझी चोरी तिला भिंतीपलीकडून कळायची, मला तिची तीन आठवडे कळली नाही.

मी आत जाऊन आधण ठेवलं. आलं किसलं. कान मात्र हॉलकडेच लागले होते. चहा उकळून वर आला तेव्हा बाहेर तोच यंत्र हलवल्याचा आवाज सुरू झाला. खडक, खडक, मध्ये दम खायला थांबत, पुन्हा खडक. मी गॅस बारीक करून मोजत उभी राहिले. पाचावर ती थांबली.

“अजून पाच,” मी आतून ओरडले.

तिने आणखी पाच केले.